रँकिंग विद्यापीठाचं, वर्ग मात्र कॉलेजचा

बारावीचा निकाल लागला की पत्रांचा ढीग येतो आणि निम्म्या पत्रांत एकच प्रश्न असतो: राज्यात एक नंबरचं विद्यापीठ कोणतं? यंदाच्या ढिगातली ही पाच पत्रं.

बी.कॉम.साठी मुंबई विद्यापीठ चांगलं की पुण्याचं? (विद्यार्थी, डोंबिवली)

घरापासून तासाभरात पोहोचता येईल असं चांगलं कॉलेज चांगलं.

मुलीला इंजिनीअरिंगसाठी माटुंग्याचं व्हीजेटीआय मिळेल असं वाटतं. पण ते कॉलेजच आहे. पुण्याचं सीओईपी आता विद्यापीठ झालंय. मग पुणे वरचढ ना? (पालक, ठाणे)

पाटीवरचा शब्द बदलला म्हणून फळ्यावरचं बदलत नाही. व्हीजेटीआय १८८७चं, स्वायत्त (म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणारं) आहे, पदवी मुंबई विद्यापीठाची मिळते. सीओईपी १८५४चं, २०२२ साली विद्यापीठ झालं. तुलना करायची तर मुलीला हव्या असलेल्या शाखेची करा. माटुंग्याला जाऊन त्याच शाखेच्या तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी बोला, पुण्यातही तसंच. वसतिगृहाचा खर्च आधी मांडा.

आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) अभिमत आहे म्हणे. अभिमत म्हणजे पैसेवाल्यांचं ना? (विद्यार्थिनी, परळ)

नाही. अभिमत म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था. आयसीटी १९३३ साली मुंबई विद्यापीठाचाच विभाग म्हणून सुरू झालं, अभिमत दर्जा २००८चा. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्थाही अभिमतच. शब्द दर्जा कसा मिळाला ते सांगतो, फी किती ते नाही. फी संस्थेच्या प्रवेश कार्यालयातच विचारा.

एका खासगी विद्यापीठाचा माणूस घरी आला होता. 'आम्ही ए प्लस प्लस, टॉप टेनमध्ये, आजच पन्नास हजार भरून सीट बुक करा, कॅपला (सरकारी सामायिक प्रवेश प्रक्रियेला) उशीर होणार' म्हणाला. मुलीला कॉम्प्युटर हवंय. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. भरू का? (पालक, बदलापूर)

भरू नका. निदान आज तरी नको.

ए प्लस प्लस हा नॅकचा, म्हणजे संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचा दर्जा, रँक नव्हे. मुंबई विद्यापीठालाही तो २०२१ साली मिळाला. म्हणून त्याची सगळी संलग्न कॉलेजं ए प्लस प्लस झाली का? 'टॉप टेन' म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या यादीत, कुठल्या वर्षी? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या क्रमवारीत सर्वसाधारण, विद्यापीठं, अभियांत्रिकी अशा वेगवेगळ्या याद्या असतात. २०२४पासून राज्य सार्वजनिक विद्यापीठांची आणखी एक. जाहिरातवाले सोयीची यादी उचलतात, वर्ष गाळतात. या क्रमवारीत बरीचशी माहिती संस्थांनीच भरलेली असते, आणि काही गुण निव्वळ लोकांच्या मताला. माझ्याकडे एक मुलगा आला होता, जाहिरातीतला मोठा आकडा बघून पैसे भरून बसलेला. तो रँक फार्मसीचा निघाला, प्रवेश इंजिनीअरिंगला.

तुमच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट फीची आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत राज्याने २०२४ साली दिली. ती कॅपमधून झालेल्या प्रवेशांना लागू आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या खासगी) विद्यापीठांना नाही. त्या माणसाने हे सांगितलं? सांगणार नाही, त्याचं कमिशन त्यातच आहे. कॅपची अधिकृत तारीख राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा कक्षाच्या) संकेतस्थळावर बघा, शेजारच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको. सवलतीच्या अटी प्रवेश सुविधा केंद्रात कागद दाखवून पक्क्या करून घ्या. इतकं करूनही तेच विद्यापीठ हवं असेल तर पैसे परत मिळण्याचे नियम लेखी मागा. तोंडी मिळालं तर ते नाही मिळालं असंच धरा.

एसएनडीटी फक्त मुलींचं, म्हणून नोकरीत कमी धरतात असं मावशी म्हणते. खरं का? आणि जात वैधता प्रमाणपत्र अजून आलेलं नाही, प्रवेशाची यादी लागल्यावर बघितलं तर चालेल? (विद्यार्थिनी, जोगेश्वरी)

मावशी मुलाखत घेणार आहे का? एसएनडीटी १९१६पासूनचं मान्यताप्राप्त विद्यापीठ आहे, पदवी इतर कुठल्याही पदवीसारखीच. तुझा विषय मात्र चर्चगेटच्या संकुलात आहे की जुहूच्या, ते विचारून घे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: चालणार नाही. जात पडताळणी समितीचं काम तुझ्या यादीसाठी थांबत नाही. अर्जाची पोच असेल तर ती घेऊन उद्याच सुविधा केंद्रात जा, मुदत आणि पर्याय विचार. अर्जच केला नसेल तर उद्या नाही, आज. आईला किंवा बाबांना सोबत घे. वडिलांकडच्या नातेवाइकांची वैधता असेल तर तिची प्रतही ने.