शिशाच्या कास्ट बुलेटसाठी कमी लोड : पावडर कुठली घ्यावी

मित्रा, घरी काडतुसं भरताना शिशाच्या कास्ट (ओतीव) बुलेटसाठी कमी लोड, म्हणजे कमी पावडरचा हलका बार, ठेवायचा याचा अर्थ फॅक्टरी लोडमधली (कारखान्यात भरलेल्या काडतुसातली) पावडर अर्धी करायची असं अजिबात नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. स्लो (हळू जळणारी) पावडर फार कमी भरली की नीट पेटत नाही, कधी गोळी बॅरलमध्येच अडकते, कधी प्रेशर भलतंच चढतं, आणि मागून दुसरी गोळी झाडलीस तर बॅरल फुटू शकते.

म्हणून सुरुवात हलक्या चार्जलाही (थोडीच भरली तरी) नीट जळणाऱ्या पावडरने कर. अलायंट कंपनीच्या २४०० आणि युनिक या पावडरी लोक वर्षानुवर्षं वापरतायत, पण यांचा चार्ज केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) तळाशी इतकासा दिसतो की चुकून डबल पडला तरी मावतो, म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघच, मी अजूनही बघतो. नवख्याला मला स्वतःला हॉजडन कंपनीची एच ४८९५ पावडर बरी वाटते, हॉजडन स्वतःच सांगतं की त्यांच्या मॅक्सिमम लोडच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. मात्र आकडे छापील मॅन्युअलमधूनच घे, कुणाच्या तोंडचे नको, माझेही नको.

आणि शिसं बॅरलला चिकटायला लागलं तर लगेच पावडरला दोष देऊ नकोस, आधी बुलेटचा साइज मोज, बॅरलच्या आतल्या ग्रूव्हच्या (खाचांच्या) व्यासापेक्षा एक-दोन हजारांश इंच मोठी हवी.