इंजिन बदलायचंय? आधी गिअरबॉक्स आणि कूलिंगचं बोलू

मिड-इंजिन (इंजिन सीटमागे, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे असलेल्या) क्लासिक गाडीत दुसरं इंजिन बसवण्याबद्दल बरेच प्रश्न आलेत. बहुतेकांना आधी अश्वशक्तीचं बोलायचं आहे. मी मात्र सुरुवात गिअरबॉक्स आणि कूलिंगपासून करणार, कारण ही कामं अर्धवट पडतात ती तिथेच.

प्रश्न : माझी पोर्शे 914 ही 1973 ची, 1.7 लिटरची आहे. तिच्यात सुबारूचं ईजे-22 बसवायचं ठरवलंय. मूळ इंजिन एअर-कूल्ड, हे पाण्याने थंड होणारं. रेडिएटर मागेच इंजिनाजवळ बसवला तर लांब पाइपांचा खटाटोप वाचेल ना?

खटाटोप वाचेल, पण गाडी तापेल. रेडिएटरला नुसती हवा असून भागत नाही. पुढून जास्त दाबाची हवा आत शिरली पाहिजे आणि मागे कमी दाबाच्या जागी तिला बाहेर पडता आलं पाहिजे. 914 च्या इंजिन-बेमध्ये यातलं काहीच आयतं मिळत नाही. म्हणून रेडिएटर पुढे, पुढच्या डिकीच्या टोकाला. पेट्रोलची टाकी त्याच बाजूला आहे, तेव्हा कापाकापी करण्यापूर्वी मोजमाप नीट घ्या.

हवा आत घेण्याचं भोक सगळेच पाडतात, बाहेर काढण्याचा मार्ग मात्र विसरतात. हवा गाडीच्या पोटाखालून किंवा पुढच्या चाकांच्या कमानीतून बाहेर सोडा. रेडिएटरच्या चारही कडा पत्र्याने आणि फोमने बंद करा. फट राहिली की हवा रेडिएटरच्या जाळीतून जायचं सोडून बाजूने निघून जाते. मग रेडिएटर कितीही मोठा घ्या, फरक पडत नाही.

पाइप पुढून मागे जाणार म्हणजे त्यांत हवा अडकणार. एक्स्पान्शन टँक सगळ्या सर्किटमध्ये सर्वांत उंच ठेवा आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा सोडायचा स्क्रू द्या. कूलंट भरताना गाडीचं नाक उचलून ठेवा. पहिल्याच फेरीत हेड गॅस्केट गेलं की लोक इंजिनाला नावं ठेवतात. पुष्कळदा दोष अडकलेल्या हवेचा असतो.

तेलाचा संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, तोही बघा. सुबारूचा संप खाली लोंबतो आणि 914 जमिनीलगतची गाडी. संप आखूड केला तर तेल ओढणारा पिकअप पाइपही तेवढाच आखूड करावा लागतो, आणि आत तेल अडवणाऱ्या पट्ट्या (बॅफल) हव्यातच. नाहीतर लांब वळणावर तेल एका कडेला जातं आणि प्रेशर पडतं.

तुमची निवड मला मनापासून आवडली. मूळचे 80 अश्वशक्ती जाऊन 130 च्या पुढे मिळतात आणि फ्लॅट-फोरची (समोरासमोर आडव्या चार सिलिंडरची) ठेवण कायम राहते, त्यामुळे वजन खालीच राहतं. या गाडीचा जीव त्या वळणावरच्या तोलात आहे.

प्रश्न : त्याच 914 मध्ये शेवरलेटचं स्मॉल-ब्लॉक व्ही-8 बसतं म्हणतात. गिअरबॉक्स टिकेल का?

बसतं, अनेकांनी बसवलंय. पण 914 चा गिअरबॉक्स पोर्शेच्या 901 घराण्यातला आहे. या गाडीच्या सहा सिलिंडरच्या आवृत्तीत (914-6) त्याला 110 अश्वशक्ती आणि साधारण 160 न्यूटन-मीटर टॉर्क पेलायचा होता. 5.7 लिटरचं व्ही-8 त्याच्या दुपटीहून जास्त टॉर्क देतं, तेही अगदी खालच्या आरपीएमला. त्यात या गिअरबॉक्सचा पहिला गिअर मुख्य केसिंगच्या बाहेर, टोकाच्या कव्हरमध्ये आहे. क्लच झटक्यात सोडलात तर मार तिथेच बसतो. मूळ गिअरबॉक्स ठेवायचाच असेल तर पहिल्या गिअरवर गाडी हळुवार हलवा आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर वरच्या गिअरसाठी राखा. तसं चालवणं जमणार नसेल तर भक्कम गिअरबॉक्सचा खर्च आधी धरा, इंजिनाचा नंतर. शिवाय व्ही-8 ची लांबी पुरत नाही म्हणून केबिनमागची भिंत कापली जाते, ते मला पटत नाही.

प्रश्न : चुकीची जोडी लावली तर चार गिअर उलटे आणि एक सुलटा मिळतो, हे खरं का?

अगदी खरं. लोटस युरोपाने 1966 मध्ये रेनो 16 चं इंजिन आणि गिअरबॉक्स घेतलं. रेनो 16 पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणून सगळा संच फिरवून मागे बसवला. तसाच ठेवला असता तर गाडी चारही गिअरवर मागे पळाली असती, म्हणून डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक (क्राउन व्हील) दुसऱ्या बाजूला घेतलं. 911 चं इंजिन अ‍ॅक्सलच्या मागे असतं, म्हणून तिचा गिअरबॉक्स 914 मध्ये घालताना हाच बदल लागतो. सुबारूचं उलट आहे: तिथे इंजिन अ‍ॅक्सलच्या पुढे आणि गिअरबॉक्स मागे, 914 सारखंच. म्हणून सुबारूचा गिअरबॉक्स टू-व्हील-ड्राइव्ह करून घेतला की दिशा बदलावी लागत नाही. गिअर बदलायच्या केबल मात्र नव्याने कराव्या लागतात.

फियाट एक्स 1/9 या मिड-इंजिन गाडीत होंडाचं इंजिन घालणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. होंडाची जुनी बी-सिरीज इंजिनं इतरांच्या उलट दिशेने फिरतात, के-सिरीज नेहमीच्या दिशेने. कुठलंही घेतलंत तरी त्याचाच गिअरबॉक्स सोबत घ्या. मग अ‍ॅक्सल तेवढे करून घ्यावे लागतात: आतलं टोक नव्या गिअरबॉक्सचं, बाहेरचं फियाटचं.

प्रश्न : टोयोटा एमआर2 च्या दुसऱ्या पिढीत (एसडब्ल्यू20) टर्बो दुरुस्त करू की 3.5 लिटरचं व्ही-6 घालू?

रोज चालवायची असेल तर व्ही-6. या व्ही-6 चा (2जीआर-एफई) ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे, मूळ टर्बो इंजिनाचा (3एस-जीटीई) बिडाचा, त्यामुळे दोन सिलिंडर वाढूनही मागे मोठा भार पडत नाही. टर्बो गाडीचा ई153 गिअरबॉक्स त्याला थेट जुळतो, हा सर्वांत मोठा फायदा. वेळ खातं ते वायरिंग: इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचं पेडल, इमोबिलायझर, जुन्या मीटरला नवे सिग्नल. इंजिन घेताना इसीयू (इंजिनाचा कंप्युटर), पेडल आणि पूर्ण हार्नेस (वायरिंगचा संच) एकाच गाडीचं घ्या. तुकड्यातुकड्याने जमवलेलं वायरिंग महिनोन्‌महिने छळतं.

प्रश्न : माझी 914-6 मूळ इंजिनाची आहे. बदल केल्यावर किंमत उतरेल?

उतरेल, आणि बरीच. 914-6 जेमतेम तीन हजारांच्या वर बनल्या. तिचं मूळ इंजिन दुरुस्त करा, दुसरं घालू नका. हौस चार सिलिंडरच्या गाडीवर भागवा. तिथेही माउंटिंग मूळ भोकांवर बोल्टने बसेल असंच करा, शासी कापू नका. काढलेल्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, सगळी तोंडं बंद करा आणि अधूनमधून क्रँक हाताने फिरवत राहा.