भोंडल्याची गाणी कशाला म्हणायची?

पिल्लू,

काल तू विचारलंस ना, भोंडल्याच्या गाण्यातले अर्धे शब्द मला कळत नाहीत, वर्गात कोणाला भोंडला माहीत नाही, मग पाटावरच्या हत्तीभोवती फिरत ती म्हणायची कशाला. तेव्हा माझे हात कणकेत होते, म्हणून आता लिहिते.

आधी एका लांबच्या लोकांची गोष्ट ऐक. रशियाच्या पार पूर्वेला कामचात्का आहे, सगळीकडे ज्वालामुखी, नद्यांत सॅमन आणि ते खायला आलेली अस्वलं. तिथले इतेल्मेन लोक 2010 च्या जनगणनेत जेमतेम 3000 च्या आसपास होते आणि त्यांची भाषा येणारे शंभरसुद्धा नव्हते. सोव्हिएत काळात त्यांची बरीच गावं बंद झाली, मुलं होस्टेलच्या शाळेत गेली, तिथे सगळं रशियनमध्ये. त्यामुळे आजीची भाषा नातवंडांना येईना. पण नाच राहिला! सील मान कशी हलवतो, अस्वल घशातून कसं घुरघुरतं, हे आजीकडे बघून जमतं, त्याला डिक्शनरी लागत नाही. कोव्रान गावात 1980 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी आल्हालालालाय हा जुना सण परत सुरू केला, मासेमारी संपली की निसर्गाचे आभार मानायचा. त्यात जोड्याजोड्यांनी नाचायची स्पर्धा असते, तासन् तास चालते. (आपण दोन फुगड्यांत बसतो.)

आणि त्यांच्या गोष्टी तर भारीच. जग बनवणारा त्यांचा कुत्ख हा कावळा आहे, आणि पक्का बावळट. क्राशेनिन्निकोव्ह नावाच्या रशियन संशोधकाने 1755 च्या कामचात्कावरच्या पुस्तकात लिहिलंय की हे लोक चक्क त्याला नावं ठेवतात, एवढे डोंगर आणि एवढ्या जोराच्या नद्या केल्यास कशाला म्हणून. जनाबाई तरी विठोबाला कुठे सोडते!

आता आपलं ते कारल्याचं गाणं आठव. सुनेला माहेरी जायचंय आणि सासू म्हणते आधी बी पेर, मग वेल येऊ दे, मग फूल येऊ दे, मग कारलं लागू दे, मग भाजी कर, म्हणजे जाऊच द्यायचं नाहीये. तू चार वर्षांची असताना दर ओळीला खिदळायचीस, आणि तेव्हा माहेर म्हणजे काय हे तुला कुठे ठाऊक होतं? शब्द अडले तर आजीला व्हिडिओ कॉल कर, तिला दोन कडवी जास्तच येतात, आणि तुला इथली एखादी खडूस टीचर त्यात घालायची असेल तर बिनधास्त घाल, भोंडल्यात असं चालतं.

खिरापत काय आहे ते मात्र मी आधी सांगणार नाहीये, ओळखायचं.

आई