नोट 60 कोटींची की 600 कोटींची?

प्रश्न : जुन्या नोटांच्या एका यादीत चीनमधल्या शिनच्यांग प्रांतिक बँकेची 1949 ची नोट 60 कोटी युआनची दिली आहे, दुसऱ्या यादीत 600 कोटींची. खरी कोणती? आणि एका प्रांताने एवढ्या रकमेची नोट काढलीच का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही खऱ्या. त्या दोन वेगळ्या नोटा आहेत. चिनी मोजणी चार-चार शून्यांनी चढते : वान म्हणजे 10 हजार, यी म्हणजे 10 कोटी. नोटेवर 'सहा यी' असेल तर 60 कोटी. 'सहा' आणि 'यी' यांच्या मध्ये दहाचे अक्षर असेल तर 600 कोटी. हे एक अक्षर नजरेतून सुटते आणि यादी चुकते. म्हणून नोटेवरच छापलेली सुवर्ण युआनमधली, म्हणजे केंद्र सरकारच्या 1948 च्या चलनातली किंमत पाहा : 60 कोटींना 1,000, 600 कोटींना 10,000. मोठ्या आकड्याला 6 लाखांनी भागले की ताळा जुळलाच पाहिजे.

हे 6 लाख आले कुठून, तीच खरी कहाणी. 1912 नंतर शिनच्यांग नावापुरते केंद्राखाली होते. कारभार आणि नोटांचा छापखाना राज्यपालांच्या हातात. 1930 नंतरच्या लढायांचा खर्च भागवायला ल्यांगच्या, म्हणजे प्रांताच्या जुन्या चलनाच्या नोटा वारेमाप छापल्या गेल्या. शेवटी 1939 मध्ये 4,000 ल्यांगांच्या बदल्यात 1 नवा युआन देऊन चलन सावरावे लागले. ही सुधारणा करणाऱ्यांत माओ त्सेतुंग यांचे धाकटे भाऊ माओ त्सेमिन होते. राज्यपाल शेंग शिह-त्साय यांच्याच राजवटीत 1943 मध्ये त्यांना ठार मारण्यात आले.

1944 मध्ये शेंग पदावरून गेले आणि 1 प्रांतिक युआन म्हणजे केंद्राच्या तेव्हाच्या कागदी चलनाचे, फाबीचे, 5 असा दर बांधला गेला. आमच्या मते घात इथे झाला. फाबी दिवसागणिक घसरत होता आणि प्रांताचे चलन त्याच्याच गळ्यात बांधलेले. ऑगस्ट 1948 मध्ये केंद्राने 30 लाख फाबींना 1 सुवर्ण युआन ठरवला. 30 लाख भागिले 5, म्हणजे 6 लाख. सुवर्ण युआनही वर्षभर टिकला नाही आणि प्रांताच्या नोटांवर शून्ये वाढत गेली. मे 1949 मध्ये प्रांताला रौप्य युआनवर, म्हणजे चांदीवर आधारलेल्या चलनावर यावे लागले.

इंग्रजी यादीत 'सिक्स बिलियन' असेल तर ती 600 कोटींची, 'सिक्स हंड्रेड मिलियन' असेल तर 60 कोटींची नोट समजा.