वाचकांचे प्रश्न : विश्रांती घेतली, तरी हात पुन्हा दुखतो

प्रश्न : मी पुण्यात घरून मराठी अक्षरजुळणीची कामे करते. दिवाळी अंकांच्या हंगामात रोज दहा-बारा तास टंकन झाले आणि उजवा हात कोपराच्या बाहेरच्या बाजूपासून मनगटापर्यंत दुखू लागला. डाव्या करंगळीलाही रग लागते. एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्यांत काहीच निघाले नाही. दिवाळीनंतर तीन आठवडे संगणकाला हात लावला नाही, तेव्हा दुखणे थांबले. काम सुरू केले आणि चौथ्या दिवशी ते जसेच्या तसे परतले. विश्रांती कमी पडली का? हे काम सोडावे लागेल का?
– एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : काम सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. आपली विश्रांती कमी पडलेली नाही. तीन आठवडे काहीच न केलेल्या हातावर पहिल्याच दिवशी पूर्वीइतके काम पडले, हे दुखणे उलटण्याचे कारण दिसते. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा दिसत नाहीत, त्यामुळे तपासणीत काही न निघणे आणि हात खरोखर दुखणे यांत विसंगती नाही. मनगट आणि बोटे वर उचलणारे बरेचसे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याशी बांधलेले असतात, आणि टंकन करताना तळहात कळफलकावर अधांतरी धरला की ते तासन्तास आवळलेले राहतात. त्यातून होणाऱ्या दुखण्यालाच डॉक्टर ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. तो होण्यासाठी रॅकेट हातात धरलेली असावी लागत नाही. कंडरांचा रक्तपुरवठा बेताचा असल्याने अचानक वाढलेल्या कामाला त्या स्नायूंइतक्या लवकर सरावत नाहीत, आणि पूर्ण विश्रांतीत दुखणे शमले तरी त्यांची भार सोसण्याची ताकदही त्याच काळात उतरते.

म्हणून आता हाताला काम हळूहळू परत द्यायचे आहे. किती मिनिटे टंकन केल्यावर दुखणे वाढू लागते, हे दोन-तीन दिवस घड्याळ लावून पाहावे. ते वीस मिनिटांनी वाढत असेल, तर बैठक पंधरा मिनिटांची ठेवावी, म्हणजे दुखण्याची वाट न पाहता उठावे, आणि मधली पाच मिनिटे हात मांडीवर सैल सोडावेत. त्या वेळात मोबाइल हातात घेतल्यास ती विश्रांती ठरत नाही. दुखण्याला दहापैकी गुण दिले, तर कामात तीनपर्यंत दुखलेले चालते, मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर यायला हवे. आठवडाभर तसे येत राहिले, तर पुढच्या आठवड्यात वेळ सुमारे दहा टक्क्यांनी वाढवावा. सकाळी हात अधिक जड वाटला, तर मागच्या टप्प्यावर यावे. वेदनाशामक गोळी घेऊन बैठक लांबवणे टाळावे, कारण थांबण्याची खूण तेवढी झाकली जाते.

याच्या जोडीला एक व्यायाम नेमाने करावा. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली उजव्या हातात घ्यावी, तळहात जमिनीकडे ठेवून हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर टेकवावा आणि मनगट कडेबाहेर ठेवावे. डाव्या हाताच्या मदतीने मनगट वर उचलावे, मग डावा हात काढून घेऊन ते चार-पाच सेकंदांत सावकाश खाली सोडावे. असे दहा ते पंधरा वेळा, एक दिवसाआड. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि बहुतेक जण हा व्यायाम तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात.

करंगळीचे कारण बहुधा शिफ्टची कळ आहे. इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत ख, थ, ध, भ, ळ ही अक्षरे उजव्या हाताची असून शिफ्टसह येतात, त्यामुळे प्रत्येक वेळी डावी करंगळी ताणली जाते. विंडोजमध्ये शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबल्यास ‘स्टिकी कीज’ची सोय सुरू करता येते, मग शिफ्ट दाबून सोडावी आणि नंतर अक्षराची कळ दाबावी, दोन्ही एकदम धरण्याची गरज उरत नाही. पहिले दोन दिवस वेग मंदावतो. लांब मजकुराचा पहिला खर्डा बोलून उतरवण्याचीही सोय आता मराठीत आहे. विरामचिन्हे आणि जोडाक्षरे तपासावी लागतात, तरी हातावरचा बराच भार कमी होतो.

जेवणाच्या टेबलावर काम करत असाल, तर ते बहुतेकांना टंकनासाठी उंच पडते आणि खांदे वर उचलले जातात. खुर्चीवर उशी घेऊन कोपरे कळफलकाच्या पातळीवर आणावीत, पाय लोंबकळू लागल्यास खाली पाट ठेवावा आणि कळफलकाचे मागचे पाय मिटवून टाकावेत. कणीक तिंबणे, नारळ खवणे, ओले कपडे पिळणे यांतही हेच स्नायू राबतात, तेव्हा निदान दोन महिने ही कामे घरातल्या इतरांनी उचलावीत. पानामागे मोबदला घेणाऱ्याला विश्रांती म्हणजे मिळकतीत तूट, याची मला कल्पना आहे. म्हणूनच पुढच्या हंगामाचा मजकूर जुलैपासून थोडा थोडा मागून घ्यावा आणि टंकन, कागदावरचे मुद्रितशोधन व पानांची मांडणी ही कामे दिवसभरात आलटूनपालटून ठेवावीत.

प्रश्न : मी ५२ वर्षांची बँक कर्मचारी आहे. रात्री उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होऊन जाग येते. हात झटकल्यावर बरे वाटते. हाही संगणकाचाच त्रास का? दिवसभर मनगटाला पट्टा बांधते.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण सांगितलेली बोटे आणि झटकल्यावर मिळणारा आराम पाहता, मनगटातल्या अरुंद बोगद्यात मध्य मज्जातंतू दाबला जात असावा. याचे खापर एकट्या संगणकावर फोडता येत नाही; मधुमेह आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घ्यावी. पट्टा दिवसा काढून रात्री बांधावा, कारण झोपेत मनगट दुमडले की दाब वाढतो. तो मनगट सरळ ठेवणारा, आतून पट्टी असलेला हवा. सहा आठवड्यांत उतार न पडल्यास, किंवा वस्तू हातून निसटू लागल्या, बधिरपणा दिवसभर राहू लागला अथवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट दिसू लागला तर त्याआधीच, हाताच्या शल्यचिकित्सकांना दाखवावे. मज्जातंतू बराच काळ दबून राहिला, तर शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण भरून येतोच असे नाही.

प्रश्न : उजवे मनगट दुखते म्हणून माऊस डाव्या हातात घेतला, तर चालेल का? उभा माऊस विकत घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आलटूनपालटून जरूर वापरावा, पण सगळे काम डाव्या हातावर टाकू नये. व्यवसायजन्य रोगांवर १७०० साली लिहिणारे इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी लिहून लिहून उजवा हात निकामी झालेल्या एका लेखनिकाची हकिकत नोंदवली आहे. तो डाव्या हाताने लिहायला शिकला आणि थोड्याच काळात त्या हातालाही तोच विकार जडला. उभ्या माऊसने हाताचा पीळ कमी होतो, मात्र तो सर्वांनाच मानवत नाही, म्हणून सहकाऱ्याचा आठवडाभर वापरून पाहावा. त्याआधी अंकांचा वेगळा खण नसलेला आखूड कळफलक घेऊन पाहा. माऊस चार बोटे जवळ येतो आणि खांदा बाहेर ताणावा लागत नाही.