चीन ब्रह्मपुत्रेचा डेटा भारताला देतो तो नेमका काय असतो? आणि जगात कुठे देश मिळून एकच नदी मोजतात का?

द्यायचा असं म्हणा. २००० च्या जूनमध्ये तिबेटात दरडीमुळे अडलेलं यिगाँग नदीचं (तिचं पाणी पुढे ब्रह्मपुत्रेतच येतं) पाणी फुटलं आणि अरुणाचलात एकदम पूर आला, त्यानंतर २००२ ला करार झाला. नुगेशा, यांगकुन, नुशिया अशी तिबेटातली तीन स्टेशनं, तिथली पातळी, विसर्ग आणि पाऊस, तेही फक्त पावसाळ्यात. २०१७ ला डोकलामचा सीमावाद तापला आणि त्या वर्षी डेटा आलाच नाही. चीन म्हणाला स्टेशनांचं काम चालू आहे, पण बांगलादेशला मिळतोय अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या 🙂 २०१८ ला परत सुरू झाला आणि २०२३ मध्ये कराराची मुदत संपली.

म्हणजे ही एकाने मोजायचं आणि दुसऱ्याला कळवायचं अशी पद्धत, मिळून मोजणं नाही. मिळून मोजतात ते युरोपातल्या ऱ्हाइन नदीवर. तिथेही सुखासुखी झालेलं नाही हं, पाच देशांचा आयोग १९५० पासून होता तरी १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं, ईल मासे ढिगाने मेले आणि खालच्या देशांना खबर उशिरा पोचली. मग १९९३ मध्ये बाझलच्या जरा खाली, जर्मनीच्या हद्दीत, वाइल आम ऱ्हाइन या गावी स्वित्झर्लंड आणि जर्मनी दोघांचं मिळून एक स्टेशन उभं राहिलं. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते त्यामुळे मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की नमुना नदीच्या आडव्या रुंदीत पाच ठिकाणांहून घेतात, कारण कारखान्याचं सांडपाणी कितीतरी अंतर एकाच काठाने वाहत राहतं, लगेच मिसळत नाही. एका काठावरून बाटली भरली तर 'आमच्याकडे सगळं ओके' म्हणायला कोणीही मोकळा!

युरोपातल्याच डॅन्यूब नदीचं अजून अवघड, खोऱ्यात १९ देश. एकच पाणी दोन लॅबना द्या, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो तो आकडा) वेगळा येणार, हे आम्ही रोज बघतो, मग इतक्या देशांच्या लॅबचं काय होत असेल. म्हणून तिथे १९९६ पासून सामायिक नेटवर्क आहे, सगळ्या लॅबना सारखेच नमुने पाठवून कोणाचा आकडा किती हलतो ते तपासतात. शिवाय २००१, २००७ आणि २०१३ ला एकच टीम जहाजाने जर्मनीकडून काळ्या समुद्रापर्यंत नमुने घेत गेली.

आपल्याकडे असं होईल का? मला नाही वाटत लवकर. आणि चीनने उद्या रोज डेटा दिला तरी नुशिया हे नदी तिबेटातून भारताकडे वळते त्या मोठ्या वळणाच्या आधी, तिबेटातच आहे, त्यापुढे भारतात जो धो धो पाऊस पडतो आणि उपनद्या मिळतात तो हिशोब त्यात नसतोच. आसामच्या पुराचा मोठा भाग तिथूनच येतो, ते आपलं आपल्यालाच मोजावं लागणार.