जन्मदाखल्यावर पहिल्या नवऱ्याचं नाव आहे, ते काढता येईल का?

नंतर वाचणाऱ्यांसाठी ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. पहिल्या लग्नातला मुलगा आता सहा वर्षांचा आहे. तो रांगत असतानाच नवरा-बायको वेगळे झाले, पुढे रीतसर घटस्फोट झाला आणि ताईंनी दुसरं लग्न केलं. मुलगा ज्यांना बाबा म्हणतो ते हे दुसरे यजमान. दाखल्यावर मात्र नाव पहिल्याचं. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शाळेतल्या क्लार्कने चार लोकांत "मग खरे वडील कोण?" असं विचारलं, ते ताईंच्या जिव्हारी लागलं. एक एजंट म्हणतोय, पैसे द्या, नवीन दाखला काढून देतो. इथे उत्तरं देणाऱ्यांचेही दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, वाढवलं आईने, मग बापाचं नाव हवं कशाला? दुसरा म्हणतो, डीएनए करा आणि रक्ताचं जे निघेल ते लिहा.

मी वकील नाही. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात नोकरी करून निवृत्त झालोय. हा प्रश्न खिडकीवर इतक्यांदा आलाय की बाई पर्समधून दोन आधार कार्डं काढायला लागल्या की पुढचं वाक्य मला ठाऊक असायचं.

सरळ उत्तर असं: 'दुरुस्ती' म्हणून हे नाव निघणार नाही. मुलाला कायद्याने दुसरे वडील देता येतात, त्याचा रस्ता वेगळा आहे, आणि त्या रस्त्याने गेलात तर दाखलाही बदलून मिळतो. हे दोन अर्ज लोक एकच समजतात आणि तिथेच सगळी पायपीट सुरू होते.

निबंधक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणारा अधिकारी, तुमच्या अर्जावर एवढंच बघतो की, ज्या दिवशी नोंद झाली त्या दिवशी ती चुकीची होती का? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाचं कलम १५ त्याला तेवढाच अधिकार देतं. नोंद लिहिण्यात चुकली, तपशिलात चुकली किंवा खोटी घातली गेली, असं सिद्ध झालं तरच तो हात घालू शकतो. तेव्हाही मूळ नोंद खोडता येत नाही. रजिस्टरच्या समासात शेरा लिहायचा, त्याखाली सही आणि तारीख. बांधीव रजिस्टरांच्या काळात आमच्याकडे तो लाल शाईत लिहायची पद्धत होती. मूळ ओळ जशीच्या तशी, शेजारी "'सुरेष' ऐवजी 'सुरेश' वाचावे". आता सगळं पोर्टलवर आलंय, पण तत्त्व तेच. आडनावातली वेलांटी, आजोबांचं नाव वडिलांच्या रकान्यात पडणं, दवाखान्याने फॉर्म भरताना घातलेला घोळ, हे सुटतं. (दवाखान्यातल्या जन्माची खबर दवाखान्यानेच द्यायची असते, त्यामुळे निम्म्या चुकांचं मूळ तिथल्या घाईत असतं.) तपशिलातली चूक असेल तर माहीतगार अशा दोन विश्वासू माणसांचं निवेदन लागतं.

तुमच्या मुलाच्या नोंदीत असं काहीच नाही. तो जन्मला तेव्हा ते तुमचे यजमान होते आणि त्याचे वडीलही. पुढे ते वाईट वागले, त्यांनी मुलाचं तोंड पाहिलं नाही, पोटगी बुडवली, हे सगळं खरं असलं तरी ते नंतरचं आहे. जन्मनोंद पंचनाम्यासारखी असते, त्या दिवशी काय होतं एवढंच ती सांगते.

नेमका हाच वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला होता. मार्च २०२५ चा निकाल आहे. बाईंचं म्हणणं, मुलाचा बाप व्यसनी, त्याने मुलाला कधी पाहिलंही नाही, तेव्हा दाखल्यावर एकल पालक म्हणून फक्त माझं नाव लावा. न्यायालयाने अर्ज फेटाळला, मूल ही कुणाची मालमत्ता नव्हे आणि जन्मनोंदीवर आई किंवा बाप कुणालाच मालकी सांगता येत नाही अशा अर्थाचं सुनावलं, आणि वर पाच हजारांचा भुर्दंडही बसवला. निकाल बरोबर आहे असं माझं मत आहे. भुर्दंड मात्र जड वाटला. अशा बायका कज्जेदलाल नसतात, शाळेतल्या त्या क्लार्कला कंटाळलेल्या असतात.

आता वर कुणीतरी म्हटलंय की "सुप्रीम कोर्टाने २०१५ लाच सांगितलंय, बापाचं नाव सक्तीचं नाही". सांगितलंय हे खरं. ६ जुलै २०१५ चा निकाल, दिल्लीतल्या एका अविवाहित आईचा. तिला मुलाच्या पालकत्वासाठी बापाचं नाव उघड करायचं नव्हतं. न्यायालयाने ते मान्य केलं, आणि शिवाय असंही सांगितलं की एकल किंवा अविवाहित आईने जन्मदाखल्यासाठी अर्ज केला तर तिच्याकडून फक्त तसं प्रतिज्ञापत्र घ्या आणि दाखला द्या. पण तो प्रश्न नोंद करतानाचा होता. बापाचं नाव सांगायचं की नाही हा तिचा अधिकार. एकदा खरं नाव रीतसर नोंदवलं गेल्यावर ते पुसायचा अधिकार त्यातून निघत नाही.

याउलट तिरुचिरापल्लीचं २०१८ चं प्रकरण बघा. घटस्फोटित बाई, दात्याच्या बीजाने गर्भधारणा, आणि उपचारात तिला मदत करणाऱ्या एका गृहस्थाचं नाव महानगरपालिकेने बाप म्हणून लावलेलं. मद्रास उच्च न्यायालयाने ते काढून रकाना कोरा ठेवायला सांगितलं. कारण ती नोंद पहिल्या दिवसापासूनच चुकीची होती. २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तर अशा एकल मातांसाठी बापाचा रकानाच नसलेला वेगळा फॉर्म करा असं सांगितलं. २०२३ च्या दुरुस्तीने (लागू १ ऑक्टोबर २०२३ पासून) मूळ कायद्यातच एकल पालक, अविवाहित माता, दत्तक, सरोगसी यांची दखल घेतली गेली. म्हणजे दारं बरीच उघडलीत. पण ती नव्या नोंदींची.

राहिला डीएनएवाल्यांचा मुद्दा. ताई, तुमच्या बाबतीत डीएनए केली तर पहिल्या यजमानांचंच नाव पक्कं होईल, त्यामुळे तुम्हाला तो सल्ला निरुपयोगी आहे. पण वाद निघालाच आहे तर लिहितो. 'दाखल्यावर अचूक माहिती हवी' असं म्हणताना सगळे जण अचूक म्हणजे रक्ताचं असं धरून चाललेत, आणि आपला कायदा तसं धरत नाही.

कायदेशीर लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल हे त्या नवऱ्याचंच, हा निर्णायक पुरावा. आधी हे पुरावा कायद्याचं कलम ११२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ११६. गर्भधारणेच्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणंच शक्य नव्हतं, हे दाखवलं तरच ते उलटतं.

यावरचं सगळ्यात बोलकं प्रकरण कोचीचं आहे. जोडप्याचं लग्न १९८९ चं, मुलगा जन्मला २००१ मध्ये, घटस्फोट २००६ मध्ये. त्यानंतर आई महानगरपालिकेत गेली आणि म्हणाली, जन्मनोंदीत नवऱ्याचं नाव आहे ते चूक, खरा बाप दुसराच आहे, त्याचं नाव लावा. तिथल्या लोकांनी सांगितलं, कोर्टाचा आदेश आणा. (मीही हेच सांगितलं असतं.) ती कोर्टात गेली आणि हरली. पुढे मुलानेच प्रकरण पुन्हा काढलं. आजारपण होतं, शस्त्रक्रिया झाल्या होत्या, खर्च झेपत नव्हता, म्हणून त्या दुसऱ्या गृहस्थाकडून पोटगी हवी होती, आणि त्यासाठी डीएनए. २८ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पडदा टाकला. आईबाप त्या काळात एकत्र राहत होते, तेव्हा मूल औरस, आणि औरसपणा ठरला की बापही ठरला. नुसत्या संशयावर तिसऱ्या माणसाला रक्त द्यायला लावणं हा त्याच्या खाजगीपणावर घाला आहे, असंही न्यायालयाने म्हटलं.

हा निकाल वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. 'लग्नातलं मूल नवऱ्याचंच' या गृहीतकाचा हेतू चांगला आहे. नवऱ्याने रागाच्या भरात "हे माझं पोर नव्हेच" म्हटलं की पोराच्या कपाळी अनौरसाचा शिक्का बसू नये, म्हणून ते केलंय. पुण्याच्या एका जोडप्याच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने मुलाची डीएनए चाचणी नाकारली. बायकोचा व्यभिचार सिद्ध करायला पोराला हत्यार करू नका, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो मला शंभर टक्के पटतो. कोचीत मात्र विचारणारं ते पोरच होतं, तेही वयाने मोठं झालेलं. त्याच्या भल्यासाठी केलेला कायदा त्यालाच आडवा आला. आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका पोटगीच्या खटल्यात, चाचणी होऊन अहवाल नकारार्थी आलेला असताना, याच सर्वोच्च न्यायालयाने विज्ञानाला गृहीतकाच्या वर बसवलं होतं. थोडक्यात, अहवाल हातात असेल तर तो मोठा, पण चाचणी मागायला गेलात तर दार अगदी अरुंद. ही गाठ पुढेमागे कुणीतरी सोडवायला हवी. पण ती खिडकीवरच्या कारकुनाने सोडवू नये, हेही तितकंच खरं.

आता ताई, तुमचा रस्ता.

मुलाचे कायदेशीर वडील बदलायचे तर दत्तक. तुमचे आताचे यजमान सावत्र वडील म्हणून त्याला दत्तक घेऊ शकतात. यात अडचण पहिल्या यजमानांच्या संमतीची आहे. हिंदू दत्तक कायद्यात आई-बाप दोघं हयात असतील तर एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल दत्तक देता येत नाही. संन्यास, धर्मांतर, वेडसरपणा एवढेच अपवाद, 'सोडून गेला' हा त्यात नाही. 'कारा'च्या (दत्तकाचं काम बघणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण) दत्तक नियमावलीत सावत्र पालकांसाठी वेगळी वाट आहे, तिथेही संमती लागते आणि ताब्याचा वाद कोर्टात चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही. त्या वाटेने आदेश देण्याचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिलाय. आदेश झाला की त्याच्या आधारे दत्तक पालकांच्या नावाचा जन्मदाखला मिळतो.

पण घाई करू नका, कारण यात हिशेब आहे. आज तुमचा मुलगा पहिल्या यजमानांचा पहिल्या वर्गातला, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असणारा, वारस आहे, त्यांनी तोंड पाहिलं असो वा नसो. दत्तक दिल्यावर तो हक्क तुटतो. दुसऱ्या बाजूने, दत्तकाशिवाय तो आताच्या यजमानांचा मुलगा म्हणून वारस होत नाही, त्यांना मृत्युपत्र करावं लागेल. घरी बसून आधी हे बोला.

नुसतं आडनाव हवं असेल तर त्यासाठी दत्तकाची गरज नाही. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वडिलांच्या पश्चात पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवता येतं, आणि आताच्या नवऱ्याचं नाव 'सावत्र वडील' म्हणून कागदोपत्री लावायला सांगणं हे जवळजवळ क्रूर आहे. तुमच्याकडे वडील हयात आहेत, त्यामुळे ते जसंच्या तसं लागू होणार नाही, पण राजपत्रात नावबदल करताना वकिलाला हा निकाल माहीत असलेला बरा. आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लावायचा राज्याचा नियम मात्र १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे, आणि त्यातही बापाचं नाव जात नाही.

शाळेचं काय? दाखला तिथे वयासाठी मागतात. प्रवेशअर्जात 'पालक' म्हणून तुमचं किंवा आताच्या यजमानांचं नाव लिहा, वडिलांच्या रकान्यात दाखल्याप्रमाणे. शिक्षणहक्क कायद्यात वयाचा पुरावा नाही म्हणूनसुद्धा प्रवेश नाकारता येत नाही, मग दोन नावं जुळत नाहीत म्हणून कुठला नाकारणार? त्या क्लार्कबद्दल मुख्याध्यापकांना लेखी द्या. पासपोर्टलाही २०१६ च्या डिसेंबरपासून एकाच पालकाचं नाव चालतं.

शेवटी तो एजंट. तो काय करणार ते मला पाठ आहे. दुसऱ्या एखाद्या गावातून 'नोंद आढळत नाही' असा कागद काढायचा, घरीच बाळंतपण झाल्याचं दाखवायचं, वर्षापेक्षा जुनी नोंद म्हणून दंडाधिकाऱ्यांच्या आदेशासाठी प्रतिज्ञापत्र जोडायचं. त्या प्रतिज्ञापत्रावर सही त्याची नसते, तुमची असते. २०२५ मध्ये राज्यात उशिराच्या जन्मदाखल्यांवरून विशेष तपास पथक बसलं, तेव्हापासून हे अर्ज भिंगाखाली आहेत. शिवाय खोटी नोंद सापडली की तीही त्याच कलम १५ खाली रद्द होते, आणि मुलाच्या हाती दोन जन्मदाखले उरतात, त्यातला एक बाद झालेला.

निबंधकाने अर्ज फेटाळला आणि तो चुकला असं वाटलं तर ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं, ही सोय २०२३ च्या दुरुस्तीने झालीय. तुमच्या बाबतीत मी तो वेळ घालवणार नाही. त्याऐवजी घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात मुलाचा ताबा आणि भेटीबद्दल नेमकं काय लिहिलंय ते नावं झाकून इथे टाका. पहिल्या यजमानांनी तिथे लिहून हक्क सोडलेला असेल तर संमतीचं काम पुष्कळ सोपं जाईल.